ठकूबायचं वय

आमच्या टेबलाच्या खणात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, लोकांचे उरलेले पासपोर्ट फोटो. आणि दुसरे, किस्से! फोटो निदान कधीतरी कोणी परत नेतं. किस्से कोणी नेत नाही, उलट रोज येणारा माणूस एखादा नवीन टाकून जातो. खण आता बंद होईना, म्हणून थोडे बाहेर काढते.

टेबल म्हणजे आमचा मदत कक्ष. उरणजवळच्या द्रोणागिरीच्या नव्या टॉवर्सच्या मागे आमचं गावठाण आहे. तिथल्या समाजमंदिरात आठवड्यातून तीन दिवस आम्ही बसतो. निराधार, विधवा, अपंग, म्हातारी माणसं, ज्यांना सरकारी पेन्शन लागू होते, त्यांचे फॉर्म भरून देतो. फुकट! आम्ही म्हणजे मी आणि नंदाताई. मी अर्थशास्त्राची पदवीधर आणि तोंडाळ. नंदाताई साताऱ्याकडच्या. नवरा इथल्या गोदामात माथाडी. शिक्षण सातवी, पण कुठल्या फॉर्मला कुठला कागद लागतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारा.

तिसरे आप्पा. ते मदत करत नाहीत, पण असतात. माझ्या बाबांचे काका, गावकमिटीचे अध्यक्ष, आणि समाजमंदिराची चावी त्यांच्याकडे. त्यामुळे दाराजवळची खुर्ची कायमची त्यांची. केस काळेकुळकुळीत, दर रविवारी रंगवलेले. वय विचारलं की म्हणतात, "साठी यायची आहे." ती गेली आठ-नऊ वर्षं यायचीच आहे!

* * *

आप्पांचं आवडतं काम म्हणजे पेपर मोठ्याने वाचणं आणि मध्येच पेटणं.

"बघा! परत पेन्शनवर कोट्यवधी! असा पैसा वाटत सुटले तर देश बुडेल."

मी म्हटलं, "आप्पा, समोरचा रस्ता कंटेनरसाठी बांधला. त्याच्यावर पैसा गेला, त्याला काय म्हणतात?"

"विकास."

"आणि म्हातारीला गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला दिले तर?"

"उधळपट्टी."

"बरं. आणि आपली शेतं गेली, त्याच्या बदल्यात तुम्हाला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला. त्याच्यावर चार मजले चढले, वर्षानुवर्षं भाडं येतंय. ते काय?"

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "ए पोरी! तो आमचा हक्क होता!"

"नंदाताई," मी म्हटलं, "शब्द सापडला. लिहून घ्या!"

नंदाताईंनी खरंच लिहून घेतला. फॉर्मच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, जाड मार्करने अक्षरं काढली आणि टेबलामागच्या भिंतीवर लावला. आजही आहे. येणारे-जाणारे वाचतात:

"हा आमचा हक्क आहे. – आप्पा."

* * *

ठकूबाय पहिल्यांदा टेबलाशी आली ती याच पुठ्ठ्याखाली.

ठकूबाय आमच्या गावची धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाऊन लग्न लावते ती बाई. माझ्या आईचं लग्न तिने लावलं, काकूंचं लावलं, निम्म्या गावाचं लावलं. मान म्हणून साडी, नारळ, तांदूळ मिळायचे. आता हळदीला डीजे येतो, तिला कोणी बोलवत नाही. मूलबाळ नाही. पुतण्याच्या माडीखालच्या खोलीत राहते. गुडघे गेलेत, आवाज मात्र अजून समाजमंदिराची काच हलवेल असा आहे.

दारातून आली ती आप्पांना म्हणाली, "काय रं दाम्या, पाय घे आत. मानसं अडखलतील."

दामोदर असं नाव असलेल्या माणसाला गावात आता फक्त तीच दाम्या म्हणते. आप्पांनी पाय आत घेतले.

मी विचारलं, "ठकूबाय, पेन्शन कशाला हवी? म्हणजे फॉर्मवर लिहायला नाही, मलाच विचारायचंय."

"गोल्या लागतात," ती म्हणाली. "आन् आहेर. लग्नाला जायाचं तं हात रिकामा कसा न्यायचा? पुतन्याकडं किती येला मागू? जिनं लग्नं लावली ती आता लग्नाला जाईत नाय, घरीच बसते."

मी फॉर्म पुढे ओढला. एकदम सोपी केस! जमीन नाही, कमाई नाही, कोणी सांभाळणारं नाही. वयाची अट पासष्ट. ती सहज सत्तरीच्या पुढची. मी तिचं आधार कार्ड हातात घेतलं.

आधार कार्डाप्रमाणे ठकूबाय सत्तावन्न वर्षांची होती.

* * *

याचं मूळ शोधायला मला दोन दिवस लागले. शोधता शोधता कळलं की आमच्या गावठाणात चौदा बायका एकाच दिवशी जन्मल्या आहेत! एक जानेवारी, आणि वर्षही एकच. त्यात एक सासू-सुनेची जोडी आहे. दोघी जुळ्या!

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी आधारचं शिबिर याच समाजमंदिरात लागलं होतं. व्यवस्था बघायला आप्पा. मशीनवरचा माणूस प्रत्येकीला जन्मतारीख विचारायचा. तारीख कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे खाडीचा बांध फुटला त्या सालातली, कोणी म्हणे मिठागरं उधाणात वाहून गेली तेव्हा रांगत होते. रांग पुढे सरकेना. आणि दोन घरं सोडून हळदीचं जेवण मांडलेलं!

आप्पा उठले, रांगेकडे एक नजर टाकली आणि मशीनवाल्याला म्हणाले, "या सगळ्या पंचेचाळीस लिही. मटण निवतंय."

मी हे आप्पांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बायकांना कमी वय लिहिलेलं आवडतं. मला वाटलं खूश होतील."

"आणि तुमचं? तुमचं काय लिहिलं?"

"माझ्याकडे शाळेचा दाखला होता ना. खरं तेच लिहिलं." एवढं बोलून आप्पांनी वरचा खिसा चाचपला.

* * *

मध्ये शंकरमामांचं सांगते, नाहीतर विसरेन.

शंकरमामा नंदाताईंच्या गावाकडचे. जन्मभर वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या. आले तेव्हा बाकावर त्यांच्याच तालुक्यातले चार जण बसले होते. मी नेहमीप्रमाणे खणखणीत आवाजात विचारलं, "मामा, उत्पन्न किती?"

मामांनी छाती पुढे काढली. "लिवा! सोळा एकर बागायत. ऊस हाय. विहिरीला बारमाही पाणी."

मी पेन खाली ठेवलं. "मामा, मग पेन्शन कशाला?"

नंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. त्या उठल्या, मामांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि कान पुढे केला. मामा कुजबुजले. नंदाताई परत आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "मामा म्हणत्यात, सोळा एकर या बाकावरच्या लोकांसाठी हाय. फॉर्मवर शून्य लिवा."

त्या दिवसापासून आमच्या टेबलाचा नियम झाला. नाव मोठ्याने, पत्ता मोठ्याने, उत्पन्न कानात. आता गावातल्या बायका एकमेकींना सांगतात, "त्या टेबलावर जा, तिथं कानात इचारतात." कुठल्याही सरकारी परिपत्रकात नसलेला नियम आहे आणि तो माझ्या पार्टनरने काढलाय. मला त्याचा अभिमान आहे!

* * *

ज्यांना आधीच पेन्शन मिळते त्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. आता ते मोबाइलवर होतं. कॅमेऱ्यासमोर बसायचं, अ‍ॅप सांगतं, "डोळे मिचकावा." मिचकावले की तुम्ही जिवंत.

पारूमावशी कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि डोळे वटारून बसूनच राहिल्या.

"मावशी, डोळे मिचकावा."

"नाय."

"अहो, एकदाच!"

"पंचाहत्तर वर्सांत कुनाला डोला मारला नाय. आता सरकारला मारू?"

आप्पा म्हणाले, "अगं पारू, नाही मिचकावलेस तर सरकार तुला मेलेली धरेल."

मावशींनी तोंड फिरवून आप्पांकडे असं रागाने पाहिलं की पापण्या फडफडल्या. मी फोन मध्ये धरलाच होता. हिरवी खूण आली! आप्पांचा सार्वजनिक कामात झालेला पहिला उपयोग.

* * *

इकडे ठकूबायचा कागद अडकला तो अडकलाच.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून लिहिलं, "अंदाजे सत्तर ते पंचाहत्तर." आधार म्हणतं सत्तावन्न. उरणच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "तुमचे दोन कागद आपापसात भांडतायत. गावचौकशी होऊ द्या. यांना लहानपणापासून ओळखणारा आणि स्वतःच्या वयाचा पुरावा असलेला कोणीतरी पंच म्हणून आणा. त्याने सांगावं, ही माझ्यापेक्षा एवढ्या वर्षांनी मोठी."

मी यादी काढली. तिच्याबरोबरच्या बायकांकडे शाळेचा दाखला नाही. पुरुषांतले बहुतेक भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत गेले. शोधून शोधून एकच माणूस उरला. शाळेत गेलेला, दाखला जपून ठेवलेला, ठकूबायला स्वतःच्या लहानपणापासून ओळखणारा.

तो दाराजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

"मला वेळ नाही," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही रोज सकाळी दहा ते एक इथे बसलेले असता!"

"मग? ते काम नाही का?"

मी चिडले. खूप चिडले. या वडीलधाऱ्यांचं मला हेच कळत नाही. एका जेवणासाठी चौदा बायकांचं वय खाल्लं, आणि परत द्यायची वेळ आली तर वेळ नाही! मी बोलणार होते, पण ठकूबायने माझा हात दाबला. म्हणाली, "राहू दे. त्याची अडचन येगली हाय."

* * *

अडचण मला बसमध्ये कळली.

उरणला जाणाऱ्या बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट आहे. ज्येष्ठांनाही अर्धं. आप्पा माझ्या पुढच्या सीटवर होते. बायकांच्या अर्ध्या तिकिटावर एक छोटं भाषण झालं, "सगळं फुकट, सगळं सवलतीत," वगैरे. कंडक्टर आला. आप्पांनी वरच्या खिशातून पैसे काढले. पैशांबरोबर आधार कार्ड थोडंसं वर आलं, ते त्यांनी बोटाने पटकन आत ढकललं.

"एक फुल्ल!"

कंडक्टर आमच्या मार्गावरचा जुना. म्हणाला, "काका, सवलत असेल तर कार्ड दाखवा."

"सवलतीला अजून वेळ आहे मला."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पंच झालं तर आधारची झेरॉक्स जोडावी लागते. झेरॉक्सवर जन्मतारीख असते. आणि झेरॉक्स माझ्या टेबलावरून जाते! म्हणजे काळ्या केसांसाठी एका बाईची पेन्शन अडली होती.

* * *

याच दिवसांत मोरा बंदरावरून हिराबाई आल्या. सुकी मासळी विकतात, नवरा गेल्यावर आम्हीच त्यांची विधवा पेन्शन लावून दिली होती. टेबलावर पासबुक आणि एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. चेहरा गंभीर.

"पोरी, गरबड झाली. यंदा डबल पैसे आलेत."

मी बघितलं. दोन महिन्यांचे थकलेले एकदम आले होते, इतकंच.

"हिराबाई, तुमचेच आहेत. मागचे राहिलेले."

"नक्की? बग हां. कोनाच्या हातून चूक झाली असल तं त्याची नोकरी जायाची. मी परत करायला आले."

मी काही बोलायच्या आधी नंदाताईंनी विचारलं, "आन् या पिशवीत काय?"

"बोंबील. त्या बँकवाल्याला. म्हटलं घाबरला असल, त्याला सांगायचं, मी कंप्लेन करनार नाय."

मी आप्पांकडे वळले. फक्त बघत राहिले. आप्पांनी पेपर वर धरला. पेपर उलटा होता.

* * *

चौकशीचा दिवस आला तरी आमच्याकडे पंच नव्हता. तरी आप्पा उरणला आले. अध्यक्ष म्हणून! "मी दोन शब्द बोलेन. सही कोणीतरी करेल," म्हणाले. कोणीतरी म्हणजे कोण, ते त्यांनाच माहीत.

तलाठी मॅडम माझ्याच वयाच्या. समोर फाइल. मी, नंदाताई, ठकूबाय आणि आप्पा ओळीने बसलो.

"पंच कोण?" मॅडमनी विचारलं.

मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी खिडकीकडे. आज झालं नाही तर फाइल परत ढिगाच्या तळाशी जाणार होती.

मॅडम ठकूबायकडे वळल्या. "आजी, तुम्हाला काही आठवतं? तुम्ही किती वर्षांच्या असताना काय झालं, असं काही?"

ठकूबाय गरीब चेहरा करून म्हणाली, "आता काय सांगू बाय. या दाम्याचं लगीन आठवते."

"मग सांगा."

"मी तवा परकरातली पोर. नवरदेव मोठा झाला होता. टक्कल पडाया लागलं होतं. मना वाटलं, एवरा म्हातारा नवरा कशाला केला पोरीनं!"

मी दचकले. नंदाताईंनी पदर तोंडाला लावला.

"खोटं!" आप्पा उभेच राहिले. "मॅडम, साफ खोटं बोलते! टक्कल? मी चोवीस वर्षांचा होतो! केस इथपर्यंत होते! आणि ही परकरातली? हीच तर धवले गायला होती! तिशीची बाई होती!"

"मी तुझ्यापरीस ल्हान हाय रं दाम्या," ठकूबाय शांतपणे म्हणाली. "तू म्हातारा. मी सत्तावन्न."

"लहान? अगं, शाळेच्या पहिल्या दिवशी मला कडेवर बसवून तूच सोडलंस! रडलो म्हणून चिमटा काढलास! अजून खूण आहे! मॅडम, सहा वर्षांनी मोठी आहे ही माझ्यापेक्षा. सहा!"

मॅडमचं पेन चालू होतं. "सहा वर्षांनी मोठ्या. बरं काका, आता तुमचं आधार द्या."

आप्पा उभे होते ते हळूच बसले. त्यांनी वरचा खिसा चाचपला, कार्ड काढलं आणि दोन बोटांत धरून मॅडमच्या समोर नेलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "अंगठा उचला. तारीख दिसत नाहीये."

आप्पांनी छताकडे बघत अंगठा उचलला.

अडुसष्ट! म्हणजे ठकूबाय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांच्या कागदाशी बरोबर जुळलं. आप्पांनी सही केली. मग बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "त्या बाकीच्या तेरा जणींचे कागद पण काढून ठेव. परत परत उरणला यायला मला वेळ नाही."

मी त्यांना काहीतरी सुनावणार होते. त्याऐवजी पिशवीतून वही काढली आणि तेरा नावं लिहायला घेतली.

* * *

आणि हा शेवटचा, राखून ठेवलेला.

ठकूबायची पेन्शन मंजूर झाली. पहिले पैसे खात्यात आले त्या दिवशी आम्ही तिला घेऊन उरणला गेलो. बँकेत अंगठा लागला, नोटा हातात आल्या. तिने त्या मोजल्या नाहीत. आधी वास घेतला, मग पदराच्या गाठीत बांधल्या. गोळ्या घेतल्या. बाजारात एक हिरवी साडी घेतली, पुढच्या आठवड्यात आमच्या आळीत लग्न आहे त्याच्या आहेराची. आप्पा सोबत होते. "बायका एकट्या पैसे घेऊन कशा येणार," म्हणून आले होते. साडीची पिशवी त्यांच्याच हातात होती.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर तोच, जुना. आप्पांनी सवयीने खिशात हात घातला.

"एक फु..."

"थांब रं," मागच्या सीटवरून आवाज आला. अख्ख्या बसला ऐकू जाईल असा, हळदीत लागतो तसा. "आज तिकिटं मी काढनार!"

ठकूबायने पदराची गाठ सोडली. एक नोट काढून कंडक्टरसमोर धरली.

"तीन बायांची अर्धी. आन् या बाप्याचं पन अर्धंच फाड."

कंडक्टरने आप्पांच्या काळ्याकुळकुळीत केसांकडे पाहिलं. मग ठकूबायकडे.

"आजी, यांना अर्धं कसं देऊ? पुरावा काय?"

"फाड बाला," ठकूबाय म्हणाली. "मी पंच हाय!"